चवथीचा कागदी गणपती आणि पंचवीस हजारांची वर्गणी

पत्र : ताई, माझं माहेर सावंतवाडीचं, सासर गोव्यात बार्देशातलं. लग्नाला अठरा वर्षं झाली. आमच्या घरी चवथीला मातीची मूर्ती आणत नाहीत. कागदावर हातानं रंगवलेला गणपती पाटावर ठेवून पुजतात, दीड दिवस. यंदा मुंबईच्या मोठ्या जाऊबाईंनी ठरवलंय की तीन फुटी मूर्ती, तयार मखर, लायटिंग, देवाच्या वर टांगायची रानफळांची माटोळीसुद्धा, सगळं बाहेरून मागवायचं. "पोर्तुगीज जाऊन साठ वर्षं उलटली, अजून कागद काय पुजताय? लपायचे दिवस गेले," असं त्या फोनवर म्हणाल्या. आमच्या वाट्याला पंचवीस हजार येतात. मिस्टरांचा महिन्याचा पगार तेवढाच आहे. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत. त्यात माझी मुलगी अकरावीत आहे. तिनं मोबाइलवर इन्क्विझिशनचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या त्या धर्मन्यायालयाच्या छळाचे व्हिडिओ पाहिले आणि शेजारच्या ख्रिस्ती आंटीकडे जायचं बंद केलं. नाताळात त्यांचं कुसवार, म्हणजे फराळाचं ताट, घरात घ्यायचं नाही म्हणते. आंटीनं तिला लहानपणी मांडीवर खेळवलंय. मी कुणाला काय सांगू?
– एक सून, बार्देश

उत्तर :

सासूबाई नीट जेवत नाहीत, या ओळीवर मी थांबले. बाकीच्या गोष्टींवर बोलूच, पण आधी तुम्ही आज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसा. वाद घालायला नको, समजूत घालायलाही नको. "आई, तो कागद मला एकदा नीट दाखवा," एवढंच म्हणा. अठरा वर्षं तुम्ही त्याची पूजा केलीत, नैवेद्य रांधलात. तो कुणी रंगवला, आधीचा कागद विरला तेव्हा नवा कुणी काढला, चौकट कुठल्या सुतारानं केली, हे कधी विचारलं होतंत का? तुमच्या पत्रात त्यातलं काही नाही, म्हणून विचारते. मुलीलाही शेजारी बसवा. म्हातारं माणूस जेवण सोडतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि विचारणारं कुणी नसतं.

कागदी गणपती पुजणारं तुमचं एकट्याचंच घर नव्हे. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, अशी घराणी आजही आहेत. कुणी कागदावरचं चित्र पुजतं, कुणी नुसती पत्री. यामागची गोष्ट कुठल्या दप्तरात सापडायची नाही, ती घरोघरी सासूनं सुनेला सांगत आणलेली आहे. पण ती ज्या काळाबद्दल बोलते तो काळ मात्र चांगला नोंदलेला आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. १५६७ साली साष्टीत तेच झालं, आणि बार्देशही सुटलं नाही. कुठ्ठाळीचा मंगेश १५६० साली जुवारीपलीकडे प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तुमच्या बार्देशातली कळंगुटची शांतादुर्गा डिचोलीत नानोड्याला गेली. तेव्हा त्या बाजूला पोर्तुगीजांची सत्ता नव्हती म्हणून देव तिकडे नेले. ज्यांना शेतभाट, गुरंढोरं, म्हातारी माणसं टाकून जाता आलं नाही ती कुटुंबं मागे राहिली. १५६० मध्येच इन्क्विझिशन सुरू झालं आणि १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. अडीचशे वर्षं. मोजून पाहा, आठ-दहा पिढ्या होतात.

आता त्या मागे राहिलेल्या घरातल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मातीची मूर्ती चित्रशाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, डोक्यावर घेऊन यावी लागते. रस्त्यानं ती चार जण बघतात. विसर्जनाला नदीवर न्यावी लागते, घुमट-शामेळ वाजतं. कागदाची मात्र घडी होते. तो कणगीतल्या भातात खुपसता येतो, चोळीत लपवता येतो, दारावर थाप पडली तर चुलीत टाकता येतो आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा काढता येतो. जाऊबाई म्हणतात ते खरंच आहे, तो लपण्यासाठीच होता. पण लपून कुणी काय केलं? चवथ चुकू दिली नाही. मला तो कागद शरमेचा वाटत नाही. आठ-दहा पिढ्यांतल्या बायकांनी ज्या हिमतीनं तो सांभाळला ती मूर्तीच्या उंचीत मोजता येत नाही, आणि तीन फुटी मूर्ती आणून ती भरपाईही होत नाही.

म्हणून जाऊबाईंना खोडून काढू नका. त्यांचा मुद्दा मायेचा आहे. मुंबईत लालबाग-परळच्या गर्दीत उभं राहून आपल्या गावच्या घरातली ती लहानशी चौकट आठवली की माणसाला वाटतंच, आपलंही मोठं असावं. पण चौकट काढून मूर्ती बसवायची की नाही, हे फोनवर दोन सुनांनी ठरवायचं काम नव्हे. आपल्याकडे अशा बाबतीत घरातली सगळी वडीलधारी एकत्र बसतात आणि कुलदेवाकडे प्रसाद लावून विचारतात. कौल मिळाला तर मूर्ती जरूर आणा, आणि ती मातीची आणा. त्यासाठी जवळच्या चित्रशाळेत महिना-दोन महिने आधी पाट द्यावा लागतो, म्हणजे मूर्ती सांगून ठेवावी लागते. बाहेरून ऐनवेळी मागवलेली मोठी, हलकी, चकचकीत मूर्ती बऱ्याचदा प्लास्टर ऑफ पॅरिसची निघते आणि त्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे. विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोळाच्या काठाला अर्धवट विरघळलेले हात-पाय मी पाहिलेत. ते पाहिल्यावर मला दोन दिवस देवघरात नीट बसवलं नाही.

पैशाचं स्पष्ट सांगते. दीड दिवसासाठी महिन्याचा पगार द्यायचा नाही. कर्ज काढून तर नाहीच. नवऱ्याला सांगा की भावाशी आणि वहिनींशी त्यांनीच बोलायचं, हे तुमच्यावर ढकलायचं नाही. वाक्यही देते, हवं तर तसंच म्हणा : "वहिनी, आमच्याच्यानं पाच हजार होतील. त्यात नैवेद्य, माटोळी आणि भटजींची दक्षिणा आम्ही बघतो. तुम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशीच या, माटोळी बांधायला हात हवेत." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. जी माणसं लांबून पैसे पाठवतात त्यांना पुष्कळदा घरात काम हवं असतं आणि ते कुणी देत नाही. काम नाही म्हणून वस्तू पाठवतात. जाऊबाईंच्या हातात नारळ सोलायला द्या, त्यांचा आवाज बदलेल.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आमचं नवीन घर झालं त्या वर्षी मला सगळं नवं हवं होतं. एका मोठ्या दुकानातून मी तयार मखर आणलं आणि माटोळीला प्लास्टिकची फळं. काकडी, चिबूड, सुपारीचा शिपटा, सगळं हुबेहूब. दुकानदारानं पुढच्या दहा वर्षांची हमी दिली होती. मला वाटलं, दरवर्षीची धावपळ वाचली. चवथीच्या सकाळी मामंजींना हात धरून देवापुढे आणलं. शेवटच्या वर्षांत त्यांना दिसत नव्हतं, उजेड-अंधार तेवढा कळायचा. ते पाटावर बसले, हात जोडले, मग मान वर करून थोडा वेळ तसेच राहिले आणि मला विचारलं, "बाय, यंदा माटोळी बांधूंक ना?" यंदा माटोळी बांधली नाही का?

माटोळीला वास असतो. पिकल्या चिबडाचा गोडसर, त्यात आंबाड्याचा आंबट, ओल्या सुपारीचा तुरट, आंब्याच्या टाळ्यांचा हिरवा. दुसऱ्या दिवशी चिबूड उकलतो आणि रसाचा एखादा थेंब खाली समईजवळ पडतो. मामंजी इतकी वर्षं त्या वासानं चवथ ओळखत होते. मी काय उत्तर दिलं ते सांगण्यासारखं नाही. काहीतरी खोटंच बोलले. माझे दीर तेव्हाच उठून मागच्या दारानं बाहेर गेले, आणि अर्ध्या तासानं करमलं, एक तोरिंग आणि आंबाड्याची फांदी घेऊन आले. ती प्लास्टिकच्या काकडीशेजारी बांधली. मामंजींनी हात वर करून करमल चाचपलं. पुढच्या चवथीला ते नव्हते.

तेव्हापासून माझा बाजार बदलला. माझं सांगणं ऐका, खर्च करायचाच असेल तर माटोळीवर करा. तुमच्या माहेरी माटवी बांधतात, म्हणजे हे तुम्हाला शिकवायला नको. चवथीच्या आदले दोन-तीन दिवस म्हापशाच्या बाजारात पहाटे जा. सत्तरीतून, डिचोलीतून, पलीकडे दोडामार्गातून बायका येतात. गोणपाटावर कांगलांचे झुबके मांडलेले असतात, लालबुंद कवंडळं, घागऱ्या, कुड्याच्या शेंगा, नागुलकुडं, आटकं, मावळिंगं. गेल्या वर्षी मी एका बाईसमोर उकिडवी बसून बघत होते. ती कांगलांच्या पाच-सहा काड्या एकत्र धरायची, केवणीच्या सालीची दोरी दातात धरून दोन वेढे घ्यायची आणि गाठ न मारता टोक आत खोवायची. तळहाताला चिकाचे काळे डाग. विचारलं तेव्हा म्हणाली, हे गोळा करायला चार दिवस रानात होते, पावसात, जळवांत. वीस रुपयांच्या झुबक्यासाठी माझ्या शेजारची बाई तिच्याशी घासाघीस करत होती, गाडीची किल्ली हातात फिरवत. मॉलमधल्या किमतीच्या चिठ्ठीपुढे आपण कधी अडतो का? मग इथेच का अडतो?

आणि इतिहासाचं बोलायचं तर इथूनही बोलायला हवं. आपल्या माटोळीचं हे रान वर्षानुवर्षं ज्यांनी आणून दिलं, त्या गावडे-वेळीप आदिवासींना आणि इतर कष्टकरी माणसांना आपल्याच कित्येक घरांत ओसरीच्या वर येऊ देत नव्हते. त्यांनी आणलेलं कवंडळ देवाच्या डोक्यावर लागायचं आणि ती माणसं अंगणात उभी. हे पोर्तुगीजांनी केलेलं नाही. माझ्या आजीच्या घरी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सणाच्या जखमांची चर्चा घरात निघालीच आहे, तर मुलीला ही जखमही सांगा. म्हणून त्या बाईला मागेल ते द्या, आणि तिला विचारून दोन वस्तूंची नावं मुलीला लिहून घ्यायला सांगा. ती नावं पुस्तकातून शिकायला मिळत नाहीत. एकच काळजी घ्या, माटोळीत तीनशे वस्तू बांधायची ईर्षा धरू नका. स्पर्धेत ते शोभतं. पण घरोघरी तशी हाव सुटली तर वेली मुळासकट उपटल्या जातात आणि पुढच्या वर्षी त्या बाईला अजून आत जावं लागतं.

आता मुलीबद्दल. तिला गप्प करू नका. "जुन्या गोष्टी उकरू नयेत" हे वाक्य तर तिच्यासमोर काढूच नका, ते ऐकलं की सोळा-सतरा वर्षांचं मूल तुमच्याकडे यायचं थांबतं आणि मोबाइलकडेच जातं. तिला आलेला राग खरा आहे. जे घडलं ते भयंकरच होतं. फक्त तिनं अर्धी गोष्ट पाहिली आहे. उरलेली अर्धी तुम्ही सांगा.

१५५९ साली पोर्तुगालच्या राजाच्या नावानं हुकूम निघाला होता की अनाथ हिंदू मुलं ताब्यात घेऊन जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात द्यावीत आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा. आंटीच्या घराण्यातला पहिला ख्रिस्ती पूर्वज कोण असेल असं मुलीला वाटतं? तलवार घेतलेला कुणी पाद्री? तो तुमच्याच वाड्यावरचा, नुकताच पोरका झालेला सात-आठ वर्षांचा पोर असू शकतो. १६८४ साली व्हिसेरेईनं, म्हणजे पोर्तुगीज राजप्रतिनिधीनं, फर्मान काढलं की तीन वर्षांत इथल्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. आणि १७३६ साली इन्क्विझिशननं जी मनाईहुकमांची यादी काढली, ती मुलीला जरूर वाचू द्या. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. हळद लावायची नाही. विडे द्यायचे नाहीत. बायकांनी चोळी घालायची नाही, पुरुषांनी पुडवें नेसायचं नाही. दारात तुळस लावायची नाही. बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. ही बंदी कुणावर होती? ज्यांचा बाप्तिस्मा झाला होता त्यांच्यावर. इन्क्विझिशनचा हात हिंदूंपर्यंतही पोचायचा, पण त्याचं मुख्य लक्ष्य होतं ते धर्म बदलूनही आतून जुनं जपणारे लोक. जुन्या गोव्यातल्या त्या न्यायालयाच्या इमारतीला लोक दबक्या आवाजात व्हडलें घर म्हणायचे. त्या व्हडल्या घरात जे लोक नेले गेले, त्यांतले पुष्कळ आंटीचे पणजोबा-खापरपणजोबा होते. तिच्या खापरपणजीनं परसात चोरून तुळस लावली असेल आणि तुमच्या घरातल्या बाईनं कणगीत कागद लपवला असेल. कदाचित एकाच रात्री, आणि कदाचित दोघी सख्ख्या जावा असतील.

हे कळल्यावर मुलीला आंटीकडे नाताळचं कुसवार कसं दिसेल ते बघा. नेवऱ्या आपल्याच आहेत. दोदोलात नारळाचा रस आणि माडाचा गूळ. १५ ऑगस्टला सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला कितीतरी ख्रिस्ती घरांत पातोळ्या होतात, हळदीच्या पानातल्या, आतलं चूण, म्हणजे सारण, तेच. आपण नागपंचमीला, चवथीत करतो. ताळगावात २१ ऑगस्टला आणि राय गावात ५ ऑगस्टला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, नवी कणसं नेतात, आपण पंचमीला नवें करतो. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला आपली माणसं तेल घेऊन जातात, शिरगावच्या लईराईची बहीण म्हणून. हे कुणी सरकारी सलोख्याच्या कार्यक्रमात ठरवलेलं नाही. बंदी घालणाऱ्यांना जे मोडायचं होतं ते दोन्ही बाजूंच्या बायकांनी स्वयंपाकघरात जोडून ठेवलं. व्हिडिओ करणाऱ्याला पातोळी माहीत नव्हती, हा त्याचा दोष नव्हे. पण तुमच्या मुलीला ती माहीत आहे. तिनं दोन्ही घरची खाल्ली आहे.

तिला जबरदस्तीनं आंटीकडे पाठवू नका. चवथीच्या आदल्या दिवशी मात्र सांगा की माटोळीला आंटीच्या परसातला नीरफणस हवाय, तो घेऊन ये. दरवर्षी त्यांच्याकडून काय येतं ते तुम्हाला माहीत, त्याप्रमाणे बदला. मागायला गेलेल्या मुलीला आंटी आत बोलावेलच. तिला आंटीला एकच प्रश्न विचारू द्या : तुमच्या घराण्याचं जुनं नाव काय होतं? बार्देशातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांना ते अजून ठाऊक असतं, आणि कधीकधी ते तुमच्याच आडनावाशी येऊन थांबतं.

आणखी एक काम मुलीलाच द्या. सासूबाईंना विचारा, चौकटीतला कागद किती वर्षांचा आहे. कडा पिवळ्या पडल्या असतील, वाळवीनं खाल्लं असेल, तर पुढचा कागद नातीला काढू दे. चित्रकला येत नसली तरी चालेल, ज्या बाईनं पहिल्यांदा काढला तिला तरी कुठे येत होती. चांगला जाड कागद पणजी शहरात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, पन्नास-शंभर रुपयांत. रंग सासूबाई सांगतील. सोंडेचं वळण त्यांच्या घराण्यात कुठल्या बाजूला आहे ते त्यांनाच विचारावं लागेल, आणि ते सांगताना त्या जेवायला बसलेल्या असतील अशी माझी खात्री आहे.

म्हापशाहून केवणीची साल आणलीत की ती आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोरडी राहिली तर नारळाच्या पेंडीच्या वजनानं ती मध्येच तुटते.